रंगरूट, कावीळ आणि चाळीस दिवसांपूर्वीचं पाणी

प्रश्न : डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. आम्ही सातारा जिल्ह्यातले, खटावकडचे. धाकटा मुलगा, वय 19, अग्निवीर म्हणून भरती झाला. ट्रेनिंगचा चौथा महिना चालू असताना त्याला कावीळ झाली. दोन आठवडे मिलिटरी हॉस्पिटलात होता. कागदावर ‘हेपेटायटिस ई’ लिहिलंय. आता तो महिनाभराच्या सिक लीव्हवर घरी येतोय. त्याच्या बॅरकमधल्या आणखी सहा पोरांनाही झाली म्हणे. गावात बोलतात की पोरगा नाजूक, त्याला तिथलं सोसलं नाही. त्याचे वडील तर कुणाशी बोलेनासे झालेत. लष्करात एवढ्या पोरांना कावीळ होते का? त्याची नोकरी जाईल का? जाऊबाई म्हणतात, शेजारच्या गावी माळ घालणारा आहे, तीन दिवसांत उतरते. घालू का? थोरली लेकही बाळंतपणाला आलीय, सातवा महिना आहे, तिची धावपळ आहेच. — एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मुलाबद्दल पानभर मजकूर आहे आणि लेकीबद्दल एकच ओळ. पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला तो त्या एका ओळीसाठी. इथेही तिच्यापासूनच सुरुवात करते, कारण हे वाचणाऱ्या कितीतरी घरांत आज गरोदर बाई असेल.

‘ई’ची कावीळ धडधाकट तरुणाला चार-सहा आठवडे आडवं पाडते आणि बहुतेक वेळा सोडून देते. गरोदर बाईला ती तशी सोडत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणींपर्यंत दगावू शकतात. 1978 साली काश्मीर खोऱ्यात मोठी साथ आली होती. तेव्हा डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावं पालथी घालून जी माहिती गोळा केली, त्यात हे ठळकपणे पुढे आलं. दिल्लीत 1955-56 च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात नाल्याचं पाणी शिरून 29 हजारांवर लोकांना कावीळ झाली, तेव्हाही गरोदर बायकांचेच हाल जास्त झाले होते.

म्हणून मुलाला घरी येऊ नको म्हणायचं का? नाही. त्याला येऊ द्या. हा विषाणू पसरतो तो मुख्यतः पाण्यातून, माणसाकडून माणसाला थेट फार कमी वेळा लागतो. रोग्याच्या शौचातून तो काविळीच्या सुरुवातीला जास्त पडतो आणि साधारण महिनाभरात थांबतो. तुमचा मुलगा घरी पोचेल तेव्हा त्यातला बराच काळ उलटलेला असेल. तरी महिनाभर त्याने पाणी भरायचं नाही, माठात हात घालायचा नाही. माठावर झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. संडासाहून आल्यावर साबणाने हात, राखेने किंवा मातीने नव्हे. लेकीचं पाणी वेगळं ठेवा. खळखळ उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळू द्या, झाकून गार करा आणि त्याच भांड्यातून प्यायला द्या. पावसाळ्यात हे तसंही करायला हवं होतं, भाऊ आजारी असो वा नसो. आणि तिला जर मळमळ वाढली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. गावात थांबायचं नाही, उद्या बघू म्हणायचं नाही.

आता तुमच्या पोराच्या नाजूकपणाबद्दल.

मी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होते. कॅप्टन असताना माझी नेमणूक एका ट्रेनिंग सेंटरच्या एम.आय. रूमवर होती. म्हणजे तिथला दवाखाना. रोज पहाटे साडेपाचला सिक रिपोर्टची रांग लागायची. ऑगस्टचा महिना. एक रंगरूट नडगी दुखते म्हणून आला. मी नडगी तपासत होते आणि तो सारखा मान खाली घालत होता. डोळे वर कर म्हटलं तर क्षणभर करायचा, पुन्हा खाली. खोलीत साठचा पिवळा बल्ब होता. त्या उजेडात कावीळ दिसत नाही, सगळेच डोळे सारखे दिसतात. मी त्याला व्हरांड्यात बसवलं आणि उजाडायची वाट पाहिली. मग खिडकीकडे तोंड करून त्याची खालची पापणी ओढली. आत हळद कालवल्यासारखं पिवळं.

“लघवी कशी होते?” मी मराठीत विचारलं, कारण त्याचा हेल आपल्याकडचाच होता.

“कोऱ्या चहासारखी. आठ दिवस झाले.”

“मग बोलला का नाहीस?”

“मॅडम, रेलिगेट करतील. माझ्यासंगची पोरं कसम परेड करतील आन् मी मागच्या बॅचला.”

त्या आठ दिवसांत तो दोनदा पाच किलोमीटर धावला होता. लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या खानावळीत, फोडणीचा वास आला की उलटी यायची म्हणून ताट घेऊन बाहेर जायचा आणि चपात्या मित्राला द्यायचा. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा पिवळा रंग, 11, जे एकाच्या आत असायला हवं. ताई, हा पोरगा नाजूक होता का? मी पाहिलेल्या चिवट माणसांत त्याचा नंबर फार वर लागेल. त्या चिवटपणानेच त्याचा जीव धोक्यात आला होता, हे मला तेव्हाही बोचलं आणि आजही बोचतं.

आठवड्यात नऊ झाले, पुढच्या पंधरा दिवसांत तीस-बत्तीस. प्रत्येकजण लंगरकडे बोट दाखवायला लागला. कुणी कँटीनच्या सामोशांवर घसरलं. पण ‘ई’ शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ-नऊ आठवडे जातात, सरासरी चाळीस दिवस. काल काय खाल्लं हे विचारून उपयोग नसतो. मी ट्रेनिंगचा कार्यक्रम मागवला आणि कॅलेंडरवर चाळीस दिवस मागे मोजले. तिथे फायरिंग रेंजचा कॅम्प होता. दोनच कंपन्या, म्हणजे तुकड्या, गेल्या होत्या, आणि आजारी पडलेली सगळी पोरं त्या दोन कंपन्यांतली होती.

हायजीनच्या हवालदाराला घेऊन मी रेंजवर गेले. कॅम्पला पाणी येणारा पाईप एका नाल्यातून पलीकडे जात होता. जोड गळत होता म्हणून कुणीतरी त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. पंप दिवसातून दोन तास चालायचा. पंप चालू असतो तोवर पाईपमधलं पाणी बाहेर गळतं. पंप बंद झाला की पाईप रिकामा होताना उलटं ओढून घेतो, आणि जोड नाल्याच्या पाण्यात बुडालेला असेल तर नाला पाईपमध्ये येतो. हवालदाराने पट्टी सोडवली, पाईपमध्ये बोट घातलं आणि काही न बोलता ते माझ्यासमोर धरलं. नखापर्यंत काळा, बुळबुळीत गाळ. नाल्याच्या वरच्या अंगाला वस्ती होती. बाकी सांगायला नको.

तुमच्या मुलाच्या बाबतीतही सात जण एका बॅरकमधले आहेत. सात जण एकाच वेळी नाजूक होत नाहीत. त्याच्या वडिलांना एवढं एक वाक्य जरूर वाचून दाखवा.

“एवढ्या पोरांना होते का,” असं तुम्ही विचारलंत. होते, आणि जगभरच्या लष्करांत होत आली आहे. सगळ्यांत स्वच्छ मोजमाप शेजारच्या नेपाळचं आहे. तिथल्या सैन्यातल्या तरुणांवर 2001 नंतर ‘ई’च्या लसीची चाचणी झाली. दोन हजार जण निवडले, सगळे असे की ज्यांच्या रक्तात या रोगाची प्रतिकारशक्ती आधी नव्हती. निम्म्यांना खरी लस, निम्म्यांना खोटी. खोट्या लसीचे तिन्ही डोस घेतलेल्या 896 जणांपैकी 66 जणांना पुढच्या दोन-सव्वादोन वर्षांत ‘ई’ची कावीळ झाली. म्हणजे तेरा-चौदा जवानांत एक. खरी लस घेतलेल्यांत फक्त तिघांना झाली. इतकी चांगली लस, पण ती बाजारात आलीच नाही. चीनने स्वतःची वेगळी लस 2011 साली मंजूर केली. आपल्याकडच्या नेहमीच्या लसीकरणात ‘ई’ची लस नाही. ज्या पोरांच्या दंडावर ती टोचून पाहिली त्यांच्यासारख्यांना ती पुढे मिळाली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोव्हिएत सैन्य 1979 ते 1989 अफगाणिस्तानात होतं. तिथे त्यांच्या एक लाख पंधरा हजारांवर सैनिकांना कावीळ झाली. आणि हा ‘ई’ विषाणू पहिल्यांदा डोळ्यांना दिसला तोही त्या सैनिकांमुळेच. मिखाईल बालायान नावाचे रशियन शास्त्रज्ञ होते. त्यांना ‘ए’ची, म्हणजे पाण्यातूनच पसरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूची, कावीळ आधी होऊन गेली होती, म्हणजे ती पुन्हा होणार नव्हती. त्यांनी नऊ आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला. पाच आठवड्यांनी ते काविळीने पडले, आणि त्यांच्याच शौचात तो विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली सापडला. 1983 साली त्यांनी ते छापलं. तुमच्या मुलाच्या कागदावरचं ते एक अक्षर इतक्या कष्टाने आलेलं आहे.

पण रंगरूटच का? याचं एक उत्तर आपल्या पुण्यात मिळालं. राष्ट्रीय विषाणू संस्थेने 1982 आणि 1992 साली पुण्यातल्या लोकांचं रक्त तपासलं. ‘ए’ची लागण लहानपणीच जवळजवळ सगळ्यांना होऊन गेलेली होती. ‘ई’ची मात्र मुलांत फारच थोड्यांना, आणि तरुणांत साधारण तिघांत एकाला. पाणी तेच, पण ‘ई’ विशी-पंचविशीची वाट पाहत बसतो. नेमकं त्याच वयाचे शेकडो तरुण आपण गावोगावहून आणतो आणि एका टाकीचं पाणी पाजतो. अलीकडे ‘ए’चंही चित्र बदलतंय. पाच वर्षांच्या पोराला ‘ए’ झाला तर बहुधा कळतही नाही. आता घरोघर फिल्टर आले, पोरं ‘ए’ न होताच मोठी होतात, आणि विशीत तो झाला की डोळे पिवळे करून लोळवतो. ‘ए’ची लस मिळते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारावं.

नोकरीचं सांगते. ‘ए’ आणि ‘ई’ धडधाकट माणसाच्या यकृतात मुक्कामाला राहत नाहीत. लष्करात अशा जवानाला काही काळ खालच्या मेडिकल कॅटेगरीत ठेवतात, पुन्हा रक्त तपासतात आणि ठीक झाला की वर घेतात. ट्रेनिंगचे आठवडे बुडाले म्हणून त्याला मागच्या बॅचमध्ये घालतील, हे शक्य आहे. घालू देत. सुट्टी संपेल त्या दिवशी सगळे कागद घेऊन हजर व्हायला सांगा.

घरी त्याला पोटभर खाऊ घाला. भाकरी, वरणभात, अंडं, दूध, सोसेल ते. हळद बंद, तेल बंद, मीठ बंद असं करून पोराला वाळवू नका. तेल बेताचं असलं की पुरे. उसाचा रस औषध म्हणून गाड्यावर जाऊन पिऊ नये, त्या बर्फाचं पाणी कुठलं असतं कुणाला ठाऊक. दारूचा थेंब नको. ताप-अंगदुखीला मनाने पॅरासिटॅमॉल नको. आणि वडिलांना सांगा, रक्ताचा रिपोर्ट नीट होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत पहाटे उठवून बंधाऱ्यावर पळायला न्यायचं नाही. दिवसा झोपाळू आणि रात्री जागा, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून रक्त, थांबत नाही अशी उलटी, यातलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल.

माळ. सुकत जाणाऱ्या काड्यांची ती माळ ढिली होऊन खाली उतरते, तशी कावीळ उतरते असा समज आहे. माळ निव्वळ गळ्यात राहिली तर अपाय नाही. पण तिच्यामागोमाग नाकात देवडांगरीचा, म्हणजे एका कडू रानफळाचा, रस येतो. नाकातून पिवळं पाणी वाहतं ते कावीळ बाहेर पडते म्हणून नव्हे, तर आतली त्वचा सोलवटते म्हणून. आणि पोटावर डाग द्यायला कुणी तयार झालंच, तर पोराला घेऊन उठून या. ही कावीळ काहीही न करता बऱ्याचदा बरी होते, म्हणून प्रत्येक माळवाल्याला यश येतं. ज्यांची बरी होत नाही त्यांना मी आय.सी.यू.त पाहिलंय. त्यांच्या गळ्यातही माळा होत्या.

प्रश्न : मॅडम, मी सांगली जिल्ह्यातल्या एका भरती अकादमीत आहे, वय 20. रक्तदान शिबिरानंतर आमच्या रूममधल्या एका मित्राला कळवलं की त्याच्या रक्तात ‘हेपेटायटिस बी’ आहे. आता पोरं त्याच्याबरोबर जेवत नाहीत, त्याची गादीही व्हरांड्यात टाकलीय. आम्ही सहाजण एकच वस्तरा वापरायचो. आम्हाला झाला असेल का?

उत्तर : बाळा, आधी त्याची गादी आत आण. आज रात्रीच.

‘बी’ ताटातून, पाण्यातून, शेजारी झोपल्याने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून मुलाला लागतो. याचा फार मोठा पुरावा सैनिकांतूनच आला. 1942 साली अमेरिकेच्या सैन्यात पीतज्वराची लस टोचल्यावर सुमारे 50 हजार जवान काविळीने आजारी पडले. लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्ताचा द्रव मिसळला होता, आणि ते रक्त देणाऱ्यांपैकी काहींच्या रक्तात हा विषाणू होता. 1980 च्या दशकात त्या जुन्या सैनिकांचं रक्त तपासलं तेव्हा तो ‘बी’च होता हे पक्कं झालं. लागण तीन लाखांहून अधिक जणांना झाली असावी असा अंदाज निघाला. पण ज्यांना ती लस टोचली नव्हती, आणि जे त्याच बॅरकमध्ये जेवत-झोपत होते, त्यांच्यात साथ पसरली नाही.

तुझ्या मित्राला हा बहुधा जन्मताना किंवा अगदी लहानपणी लागला असेल. तान्ह्या बाळाला लागला तर दहातल्या नऊ जणांत कायम राहतो. मोठ्या माणसाला लागला तर शंभरातले पंचाण्णव जण तो स्वतःच बाहेर काढतात. तेव्हा त्याच्याकडे पाहून काहीही वाईट तर्क करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2022 साली भारतात जवळजवळ तीन कोटी माणसं ‘बी’ घेऊन जगत होती. त्यातल्या बहुतेकांना ते माहीतही नाही. त्याने आई आणि भावंडांना घेऊन जिल्हा रुग्णालयात जावं. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली 2018 पासून हेपेटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. एका रिपोर्टवर काही ठरत नाही. विषाणू किती आहे, यकृत कसं आहे हे पाहून गोळ्या लागतात की नुसती नजर ठेवायची ते डॉक्टर ठरवतील.

वस्तऱ्याचा धोका मात्र खरा आहे. तुम्ही सहाही जण तपासणी करून घ्या. ‘बी’ची लस देशभर सगळ्या बाळांना मिळू लागली ती 2011 च्या सुमारास, म्हणजे तुमच्या वयाच्या कितीतरी पोरांची राहून गेली असणार. तपासणीत काही नसेल तर लगेच लस सुरू करा. तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. वस्तरे, ब्लेड, ट्रिमर आणि टूथब्रश ज्याचा त्याचा.

आणखी एक. अकादमीत कुणी ‘ताकदीचं’ इंजेक्शन देत असेल आणि एकच सुई फिरत असेल, तर तिथून उठून ये. ‘सी’ असाच पसरतो. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो आता बहुतेकांचा पूर्ण बरा होतो, पण तो वर्षानुवर्षं काहीच लक्षण दाखवत नाही.

प्रश्न : आमच्या अकादमीत 120 मुलं राहतात. बोअर आणि टँकर, दोन्हींचं पाणी आहे. पिण्यासाठी आर.ओ. बसवला आहे. तेवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : नाही. पहाटे धावून आलेलं पोरगं आर.ओ.पाशी रांग लावत नाही, ते पहिल्या नळाला तोंड लावतं. चूळ, ताटं, कोशिंबिरीची काकडी, सगळं टाकीच्याच पाण्यात. टाकीत दर हजार लिटरला पाच ग्रॅम टी.सी.एल. (ब्लीचिंग) पावडर, बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी टाकायचं आणि निदान अर्धा तास नळ सोडायचा नाही. डबा उघडा राहिला की पावडर मरते, वर्षापूर्वीचा डबा वापरू नका. टँकर आला की प्रत्येक वेळी हे नव्याने करायचं. स्वयंपाक्याला कावीळ झाली तर पगारी सुट्टी द्या, म्हणजे तो लपवणार नाही. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून किंवा आरोग्यसेवकाकडून ओ.टी. टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का हे दाखवणारी तपासणी, शिकून घ्या. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं पाहिजे. ही तपासणी रोज सकाळी करा, आणि टाकीजवळ नाही, मुलं तोंड धुतात त्या ओळीतल्या शेवटच्या नळाला.